मंदारची रोजच्या वापराची गाडी

लॉकडाऊनमध्ये प्रत्येक ग्रुपमधलं एक तरी माणूस बिघडलं. कुणी घरी ब्रेड भाजायला लागलं, कुणी युकेलेले विकत घेतलं. ते ब्रेड खाऊन संपले, युकेलेले माळ्यावर गेले, विषय मिटले. आमच्या डब्लिनच्या मराठी कंपूत मात्र मंदारने गाडी घेतली. आणि गाडीचं असं आहे की ती बंद पडली तरी तिचे किस्से बंद पडत नाहीत! चार जण जमले, चहा झाला, की कुणीतरी म्हणतंच, "ए, ते परातीचं सांग ना!"

तर सांगते.

मंदार भूलतज्ज्ञ. त्याची बायको स्वाती माझ्यासारखीच आयटीतली. मी ॲडम्सटाउनला, ते शेजारच्या लुकनला, जुन्या पण गॅरेजवाल्या घरात. गाडी एकच, ती मंदार हॉस्पिटलला घेऊन जायचा. म्हणून २०२० च्या वसंतात स्वाती म्हणाली, "आपल्याला दुसरी गाडी हवी. छोटी, साधी, रोजच्या वापराची."

मंदारने यातला 'गाडी' हा एकच शब्द ऐकला.

त्याने ऑनलाइन एक अमेरिकन मसल कार शोधली. सत्तरच्या दशकातली, केशरी, दोन दारांची, आणि बॉनेट इतकं लांब की पुढचा दिवा पुढच्या गल्लीत. विकणारा पार पश्चिमेकडचा, कासलबारच्या पलीकडचा एक शेतकरी. प्रवासाला बंदी, त्यामुळे नुसते फोटो बघून व्यवहार. जाहिरातीत लिहिलेलं, 'रन्स ग्रँड.'

आता इथे 'ग्रँड' या शब्दाला फार अर्थ नसतो. हवा ग्रँड, चहा ग्रँड, पाय प्लास्टरमध्ये घालून पडलेला माणूसही 'आय ॲम ग्रँड'च म्हणतो. गाडी ट्रकवर चढून आली. आत डोकावलं तर ड्रायव्हरच्या पायाशी तळाला भोक, आणि मागच्या सीटवर गवत. गवतात एक ताजं अंडं!

"रन्स म्हणालास ना?" स्वातीने विचारलं.

"अगं, थोडं काम आहे. मग हीच रोज चालवायची."

त्याने तावातावाने शेतकऱ्याला फोन लावला. सीट, गवत, अंडं, सगळं सांगितलं. युअर मॅन, म्हणजे इथल्या भाषेत 'तो गडी', शांतपणे म्हणाला, "अहो, अंडं ठेवा तुम्हीच. आमच्याकडून भेट!"

*

मंदारची आई, म्हणजे आमच्या काकू, अमरावतीहून दोन महिन्यांसाठी आल्या होत्या. विमानं बंद झाली आणि त्या इथेच अडकल्या. लेक सुट्टीच्या दिवशी गाडीखाली झोपतो, हे त्यांनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या घाबरल्या. नंतर सवय झाली. "गाडीखाली हाये म्हणजे घरी हाये," असं म्हणायच्या.

अमेरिकेहून पार्ट येत होते. एकदा चाकांवर बसवायच्या मोठ्या चकचकीत वाट्यांचा खोका आला. मंदारने उघडून ठेवला, दुसऱ्या दिवशी मोजल्या तर तीनच! गॅरेज पालथं घातलं, स्वातीशी भांडला, मग विकणाऱ्याला जळजळीत ईमेल पाठवली, 'ही फसवणूक आहे.' बिचाऱ्याने माफी मागून आणखी एक वाटी रवाना केली.

इतकं करून मंदार दमून जेवायला बसला. पोळ्या मऊसूत झाल्या होत्या. कौतुक केलं तसं काकूंनी प्रेसमधून, म्हणजे स्वयंपाकघरातल्या कपाटातून, एक झगझगीत वस्तू काढली.

"परात नवी हाये नं! कणीक भिजवाले लई चांगली. पण काऊन बे मंद्या, मधात भोक कायले पाडलं?"

*

वेल्डिंग झालं, ब्रेक झाले, वायरिंग झालं, गाडी खरंच चालू झाली. रोज सकाळी हॉस्पिटलला! आवाज असा की माझ्या घरापर्यंत खिडक्या थरथरतात असं माझं म्हणणं, आणि ते संगीत आहे असं मंदारचं.

शेजारी नोरीन नावाच्या आजी राहतात. आयरिश माणूस तक्रार करत नाही, चौकशी करतो. कुंपणापलीकडून म्हणाल्या, "लव्हली कार, डॉक्टर! रोज याच वेळेला निघता का?"

मंदार फुलला. "हो! उद्यापण साडेसहाला. बघायला येता?"

"नाही नाही," आजी म्हणाल्या. "मग मी गजर लावत नाही!"

*

शाळा सुरू झाल्या तेव्हा त्याने मोठ्या अभिमानाने लेकीला, ईराला, गाडीतून सोडायचं ठरवलं. ईराला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र लुकनचं येतं. शाळेच्या फाटकाशी गाडीने मागून बंदुकीसारखा बार काढला. सगळी शाळा वळली.

ईरा सीटवर खाली सरकत म्हणाली, "बाबा, आय ॲम स्कार्लेट!" म्हणजे शरमेने लालेलाल.

मंदार म्हणाला, "स्कार्लेट नाही गं, ऑरेंज! ओरिजिनल शेड आहे."

*

मग घरापासून पाच किलोमीटरपलीकडे जायला बंदी आली. काकूंना मेथी हवी होती, दुकान जवळच होतं, म्हणून मायलेक निघाले. येताना रस्त्यावर गार्डा, म्हणजे इथले पोलीस, गाड्या तपासत उभे.

गाडी अमेरिकन, तेव्हा स्टिअरिंग डावीकडे. उजवीकडे, जिथे इथले ड्रायव्हर बसतात, तिथे काकू. स्वेटर, कानटोपी, मांडीवर पिशवी, आणि वेळ वाया जाऊ नये म्हणून मेथी निवडणं चालू! रांगेत गाडी हळूहळू पुढे सरकतेय आणि काकू मान खाली घालून देठं खुडतायत.

तो तरुण गार्डा डोळे विस्फारून खिडकीशी आला. "मॅडम, हात कुठे आहेत तुमचे?"

काकूंनी त्याला मेथीची काडी दाखवली. "भाजी हाये बाप्पा, गांजा नाही."

तेवढ्यात त्याला पलीकडे मंदार दिसला. जीव भांड्यात पडला. हसून म्हणाला, "मला वाटलं, गाडी आपोआप चालतेय!"

मंदार म्हणाला, "नाही हो गार्ड. बहुतेक दिवशी मी चालवूनसुद्धा चालत नाही."

*

हे खरंच होतं. २०२१ च्या उन्हाळ्यात ती आठवड्यातून तीनदा मान टाकायची, मग मंदार पहिली गाडी घेऊन जायचा आणि स्वाती बसने हिंडायची. एकदा मी तिला चिडवलं, "काय गं, रोजच्या वापराची गाडी कशी आहे?"

"वापरते ना रोज!" स्वाती म्हणाली. "इथे पाऊस थांबत नाही. गॅरेजमध्ये एवढ्या बॉनेटवर दोन चादरी आणि चार टॉवेल आरामात वाळतात. इंजिन गरम असलं तर लवकर!"

शेवटी तिने स्वतःच एक छोटी, करडी, बिनआवाजाची गाडी आणली. पहिल्याच पावसात तिची किल्ली मागायला कोण आलं, ते सांगत नाही.

*

आता शेवटचा. हा मंदारनेच दिवाळीला सांगितला, नाव-गाव न सांगता.

ऑपरेशनच्या आधी भूलतज्ज्ञ पेशंटला भेटतो. त्या दिवशी हर्नियाचा पेशंट होता, चांगला दांडगा, पन्नाशीचा. मंदार तोंडाला मास्क, डोक्याला टोपी अशा अवतारात. औषधं, ॲलर्जी वगैरे विचारून झालं. मग सहज म्हणाला, "काही जड उचललं होतं का?"

"उचललं नाही, ढकललं," तो म्हणाला. "राउंडअबाउटवर एक गाडी बंद पडली होती. केशरी धूड! मी आपला भला माणूस, गेलो धक्का द्यायला. टेकडीपर्यंत ढकलली, डॉक्टर. युअर मॅन आत बसून स्टिअरिंग धरून, आणि वर मला सांगतोय, रंगाला हात लावू नका, काचेला लावा!"

मंदारने फाइलमध्ये मान घातली. "मग... चालू झाली का?"

"झाली ना. आणि थांबला नाही हो तो! हात हलवला आणि गेला."

"थांबला असता तर पुन्हा बंद पडली असती," मंदार पटकन म्हणाला. मग घाईने, "म्हणजे, जुन्या गाड्यांचं असतं तसं."

पेशंटला आत नेलं, टेबलावर घेतलं. मंदारने सुई जोडली, मास्क जवळ आणला आणि आवाज शक्य तितका बदलून म्हणाला, "चला, आता दहापासून उलटे आकडे म्हणा."

पेशंटने वर बघितलं. बराच वेळ बघितलं.

"दहा," तो म्हणाला. "नऊ... डॉक्टर, एक विचारू?"

"विचारा."

"मला परत चालू करायला धक्का कोण देणार?"