बिनसाखरेचं घर

डॉक्टर यांना एवढंच म्हणाले होते की साखर आवरा, नाहीतर किडनीवर येईल. माझ्या कानात फक्त किडनी शिरली. यांच्या थोरल्या भावाला मी डायलिसिसच्या खाटेवर बघितलं होतं. घरी आले ती तशीच ओट्यापाशी गेले आणि साखर, गूळ, मुरंबा, होतं नव्हतं ते सगळं कामवाल्या बाईंना देऊन टाकलं.

आमच्या घरात बेताने काही होतच नाही, मेलं. रिफायनरीतून निवृत्त झाल्यापासून यांचा रविवार फाफडा-जिलेबीशिवाय उजाडत नसे. तोच माणूस आता दोन फुलक्यांवर आला आणि सकाळी कमाटीबागेत घाम निथळेपर्यंत चालू लागला. वर मी म्हणायची, अजून एक फेरी मारा. समोरच्या गुजराती बेननी दिलेली गुळाची सुखडी हसून घ्यायची आणि गच्चीवर कावळ्यांना टाकायची. जेवताना आमचं बोलणंच बंद झालं. ते ताटाकडे बघायचे आणि मी त्यांच्या हाताकडे. जीव नुसता टांगणीला लागलेला. हे किती दिवस रेटणार कळत नव्हतं, आणि थांबायची तर त्याहून भीती.

तशात संकष्टी आली. आमच्यात एकादशी दुप्पट खाशी, म्हणून मी साबुदाणा बंद केला, बटाटा, रताळंही बंद. राहिलं काय, पाणी. मधुमेहाची गोळी मात्र आठवणीने दिली. गोळी चुकवायची नाही हे डॉक्टरांनी बजावलेलं, पण उपाशीपोटी ती द्यायची का, हे विचारायचं मला सुचलंच नाही.

चालून आले ते दारातच बसले. शर्ट चिंब, हात थरथरत होते, जीभ अडखळत होती. साखर उतरली हे मला कळलं. धावत जाऊन एकेक डबा उघडला. मेथ्या, जवस, नाचणी, ओट्स. अख्ख्या घरात गोडाचा कण नाही. देवापुढची खडीसाखरसुद्धा मीच उचलली होती.

समोरचं दार बडवलं. "साखर द्या," एवढंच म्हटलं, आणि बेन साखरेचं पाणी घेऊनच आल्या. यांना भिंतीला टेकवून आम्ही घोट घोट पाजलं. देवा, यांना नेऊ नकोस, एवढंच मी पुटपुटत होते.

हळूहळू नजर ठिकाणावर आली. यांनी विचारलं, "चंद्र दिसला का?"

बाहेर टळटळीत ऊन होतं. मी म्हटलं, "दिसला. जेवा आता."

बेननी त्यांच्याकडचा वरणभात आणला. यांनी दोन घास घेतले आणि हात थांबला. ज्या माणसाने जन्मभर पंगतीत वाढणाऱ्याला पुढे जाऊ दिलं नाही, तो माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "एवढा चालेल ना गं?"

किती चालेल, ते मला खरंच माहीत नव्हतं. मी त्यांच्याजवळ जमिनीवर बसले आणि बेनच्या देखत रडले.