थर्लबीच्या गाडीतली सुझॅना

कांचन देवस्थळींनी एकतीस वर्षं अमेरिकेत, मिशिगनमधल्या ॲन आर्बरच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लोकांची थुंकी, पू आणि शी तपासली. "मला कधी नाक मुरडावंसं वाटलं नाही," त्या सांगायच्या. "शरीरातून जे बाहेर पडतं त्याला काय दोष द्यायचा? ते निदान खोटं तरी बोलत नाही." अशा या बाईला मी एका सप्टेंबरच्या दुपारी, सफरचंदाच्या बागेत, चारचौघांसमोर तोंडातला घास टिश्यूत थुंकताना पाहिलं.

मी त्यांना काकू म्हणते. नवरा गेल्यावर त्यांनी ॲन आर्बरचं घर विकलं आणि लेकीच्या घराजवळ, नोव्हाय गावात राहायला आल्या. माझं घर त्यांच्यापासून चौथं. हायवेवर गाडी चालवणं त्यांनी सोडलंय, त्यामुळे लांब कुठे जायचं असलं की फोन येतो, "नीलांबरी, शनिवारी मोकळी आहेस का गं?"

त्यांची लेक रेणू. रेणूचा नवरा मार्क थर्लबी. मार्कच्या वडिलांची, म्हणजे डेनिसची, नोव्हायपासून तासाभरावर सफरचंदांची बाग आहे. शरद ऋतूत तिथे साइडर, म्हणजे सफरचंदाचा ताजा रस, आणि गरम डोनट घ्यायला रांगा लागतात. कोठारावर मोठी पाटी आहे: 'थर्लबी कुटुंब. १८३६ पासून प्रामाणिक माती.' १८३६ साली इंग्लंडातून कुणी एक थर्लबी मिशिगनला आला, तो लिंकनशायरमधल्या विल्यम थर्लबी नावाच्या शेतकऱ्याचा मुलगा. या विल्यमविषयी घरात एक कथा चालत आलेली. देवभोळा माणूस, गरिबांना दाराबाहेर उपाशी जाऊ द्यायचा नाही, गरिबांची बाजू घेऊन जमीनदाराशी भांडला. कागद मात्र एकही नव्हता.

एका थँक्सगिव्हिंगला डेनिसने काकूंच्या ताटात बटाटे वाढता वाढता विषय काढला. "कांचन, तुझे डोळे मायक्रोस्कोपवर तयार झालेत, वेळही आहे. आमच्या विल्यमला शोधून दे ना. माझ्या ऐंशीव्या वाढदिवसाला सगळं खानदान जमणार आहे. तेव्हा छोटंसं पुस्तक छापू."

काकू हो म्हणाल्या. मिशिगनचा हिवाळा लांब असतो, आणि घरात त्या एकट्या.

दोन हिवाळे त्यांनी या कामात घातले. चर्चमधल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, जमिनीचे नकाशे, मृत्युपत्रं. इंग्लंडातल्या दफ्तरखान्याला ईमेल करायच्या, मग तिथून कागदांचे फोटो यायचे. दोनशे वर्षांपूर्वीचं ते किरटं अक्षर त्या पटापट वाचायच्या. "डॉक्टरांची अक्षरं वाचण्यात आयुष्य गेलं माझं, हे काय!" हळूहळू विल्यम त्यांना आवडायलाही लागला. मी चहाला गेले की सुरू व्हायच्या. "अगं, त्याने पाणथळ जमिनीत चर खणून पाणी काढलं. नुसत्या चिखलातून गहू काढला बाबाने. आणि मेंढ्यांना नावं ठेवलेली, मृत्युपत्रात एका म्हाताऱ्या मेंढीला मरेपर्यंत सांभाळा म्हणून लिहिलंय!" बोलताना त्यांचा चेहरा असा व्हायचा, की वाटावं, स्वतःच्या आजोबांविषयीच सांगतायत.

दुसऱ्या हिवाळ्यात, फेब्रुवारीत, दफ्तरखान्यातून एक नवा गठ्ठा आला. गावातल्या गोरगरिबांच्या जबान्या. तेव्हा तिथे असा कायदा होता, की एखाद्या गावात सलग एक वर्ष चाकरी केली तर आजारपणात, अडचणीत त्या गावाने तुम्हाला पोसायचं. नाहीतर जिथून आलात तिथे परत पाठवायचं. गठ्ठ्यात विल्यमकडे राबलेल्या चार नोकरांच्या जबान्या होत्या. चौघांनी एकच सांगितलं होतं: वर्ष भरायला एक आठवडा उरला आणि मालकाने काढून टाकलं.

"चौघांनाही एक्कावन्नाव्या आठवड्यात," काकू मला म्हणाल्या. त्या दिवशी चहा करायचं त्यांना सुचलं नव्हतं. "मेंढीला मरेपर्यंत सांभाळायचं आणि माणसाला एक्कावन्न आठवडे."

पण खरी घाण पुढे होती. पाचवी जबानी सुझॅना पेक नावाच्या मुलीची. वय एकोणीस, विल्यमच्या घरची मोलकरीण, लग्न झालेलं नाही, पोटात सात महिन्यांचं मूल. मुलाचा बाप कोण, हे मॅजिस्ट्रेटपुढे शपथेवर सांगायचं असे. तिने सांगितलेलं नाव कुणीतरी शाईने गिरगटून टाकलं होतं. चार दिवसांनी तिची दुसरी जबानी घेतलेली. तिच्यात बाप म्हणून एका मजुराचं नाव, आणि तो मजूर गाव सोडून पळालेला. दोन्हींखाली सहीऐवजी तिची फुली. दुसरी फुली इतकी वाकडी, की काकू म्हणाल्या, "हात धरून काढून घेतलीय."

त्यांनी तो फोटो मोठा केला, रंग उलटे केले, तीन दिवस त्याच्यापुढे बसल्या. शाईच्या गिरगट्याखालून अक्षरं वर आली. 'माझे मालक, विल्यम थर्लबी.' आणि त्याच्यापुढे, लिहून घेणाऱ्याच्या कोरड्या भाषेत: धान्याच्या कोठीत, जूनमधल्या गवतकापणीच्या दिवसांत, तिच्या मर्जीविरुद्ध, एकाहून अधिक वेळा.

त्या साली गावातल्या गरिबांची व्यवस्था बघायला नेमलेला माणूस होता विल्यम थर्लबीच. सुझॅनाला गावाबाहेर घालवण्याचा हुकूम त्याने स्वतः मागून घेतलेला. शेवटचा कागद म्हणजे शेजारच्या गावच्या पाद्र्याचं रागाचं पत्र. त्यात लिहिलेलं: जानेवारीत, गारा पडत असताना, थर्लबीने त्या पोरीला आपल्या गाडीत घालून आणलं, आमच्या वेशीपाशी उतरवलं आणि कुणालाही न कळवता गाडी वळवली.

"मला आंघोळ करावीशी वाटतेय," काकू म्हणाल्या. "दोन हिवाळे या माणसावर मी माया केली, नीलांबरी. त्याची मेंढी मला गोड वाटली. माझीच किळस येतेय मला."

मी आपलं बोलायचं म्हणून बोलले, "काकू, जुना काळ. आपल्याकडे तरी काय कमी झालंय?"

त्या एकदम उसळल्या. "आपल्याकडे होतं म्हणूनच मला वास आला ना! आमच्या घरी भांड्याला हौसा यायची. एक दिवस यायची बंद झाली. माझ्या काकाचं नाव निघालं की पुरुष मिशीत हसायचे आणि बायका ताटं उचलायला लागायच्या. मी अकरा वर्षांची होते. मलासुद्धा कळलं होतं, आणि मीसुद्धा गप्प बसले."

रेणूला त्यांनी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आई, प्लीज यार. मार्कच्या बाबांचा ऐंशीवा आहे. दोनशे वर्षांपूर्वीचं कशाला उकरतेस? डोन्ट मेक इट वीअर्ड." मार्क म्हणाला, डॅड ठरवतील.

काकूंनी पुस्तकाचा मजकूर लिहिला तो जसा होता तसा. चर खणलेले लिहिले, मेंढी लिहिली, सुझॅनाही लिहिली, दीड पान. डेनिसला पाठवला. त्याचा लगेच फोन. "कांचन, ग्रेट वर्क! थोडी काटछाट करू, लांबी जास्त होतेय." काकूंना वाटलं, फार तर दीड पान गाळतील. ते त्यांनी मनात गिळूनही टाकलं होतं.

सप्टेंबरात मी त्यांना घेऊन बागेत गेले. साठेक माणसं होती. सगळ्यांच्या अंगात हिरवे टी-शर्ट, त्यावर दाढीवाल्या विल्यमचं कुठून तरी काढवून घेतलेलं चित्र. आमच्याही हातात एकेक दिला. काकूंनी तो घडी न मोडता खुर्चीवर ठेवला. डोनट आले, साइडर आला. मग डेनिस पुस्तिका घेऊन उभा राहिला आणि वाचायला लागला.

चर आले. मेंढीवर सगळे कळवळले. आणि मग त्याने वाचलं: "विल्यमच्या घरी सुझॅना नावाची एक मोलकरीण होती. ती आजारी पडली. भर जानेवारीत, गारा पडत असताना, या दयाळू माणसाने तिला स्वतःच्या गाडीतून तिच्या माणसांकडे पोहोचवलं."

पुढच्या रांगेतल्या एका बाईने डोळे पुसले. कुणीतरी म्हणालं, "ऑ!"

काकूंनी घास थुंकला तो तेव्हा. मी पुस्तिका उलटून पाहिली. शेवटच्या पानावर ठळक अक्षरांत: संशोधन, कांचन देवस्थळी.

त्या उभ्या राहिल्या. पाच फुटांची बाई, साडीवर स्वेटर. आवाज चढवला नाही. "डेनिस, हे मी लिहिलेलं नाही. ती आजारी नव्हती. तिच्या पोटात मूल होतं. विल्यमने तिच्यावर जबरदस्ती केली होती, ते मूल त्याचं होतं. तिने शपथेवर त्याचं नाव सांगितलं, ते खोडलं गेलं. ती गाडी दयेची नव्हती. बाळ आपल्या गावात जन्मलं तर गावाला पोसावं लागेल, म्हणून तिला नेऊन टाकलं."

मग मागून डेनिसचा एक चुलतभाऊ खिदळला, "म्हणजे आजोबा जरा रंगेलच होते म्हणायचे!" आणि हसू पसरलं. खरंच पसरलं, लोकांना सुटका झाल्यासारखं वाटलं. डेनिससुद्धा हसला, काकूंकडे बघून डोळा मारला, आणि केक आणा म्हणाला.

मला वाटलं, आता काकू म्हणतील, चल निघू. त्यांनी पर्समधून पेन काढलं. टेबलावर उरलेल्या पुस्तिकांचा गठ्ठा पुढ्यात ओढला आणि प्रत्येकीच्या शेवटच्या पानावरचं आपलं नाव खोडायला बसल्या. रेणू धावत आली. "आई, काय करतेयस? स्टॉप इट! सगळे बघतायत."

"बघू देत. या गाडीत मला बसायचं नाही," काकू म्हणाल्या, आणि पुढची पुस्तिका घेतली.

लोकांच्या हातातल्या प्रती काही त्या मागायला गेल्या नाहीत. परतीच्या वाटेवर त्या एकदम म्हणाल्या, "शी." मी विचारलं, काय? "ते हसले गं. नाकारलं असतं तर चाललं असतं. नाकारताना निदान लाज असते."

रेणू दोन महिने बोलली नाही. दिवाळीत मुलांना घेऊन आली, चकल्या खाल्ल्या, त्या दुपारचा विषय दोघींनी टाळला. आजही टाळतात. बागेच्या दुकानात गाडीची ती दयाळू गोष्ट आता फ्रेम करून लावलीय, असं मार्कच्या बोलण्यातून कळलं. काकू तिकडे पुन्हा गेल्या नाहीत.

शोधणं मात्र त्यांनी थांबवलं नाही, फक्त माणूस बदलला. जानेवारीत शेजारच्या त्या गावच्या चर्चमधल्या नोंदी मिळाल्या. मला बोलावून घेतलं, स्क्रीन माझ्याकडे वळवली. सुझॅना पेक, वय एकोणीस, पुरल्याची नोंद, मार्च. आणि तिच्या नऊ दिवस आधी, बाळाच्या बारशाची. बापाच्या रकान्यात रेघ. आईच्या रकान्यात सुझॅना. आणि बाळाचं नाव: विल्यम थर्लबी पेक.

"अख्खं नाव घातलंय बाळाला," काकू म्हणाल्या. "जबानीतलं खोडलं, तर तिने ते चर्चच्या वहीत घालून ठेवलं. तिथलं त्याला खोडता येणार नव्हतं."

मी म्हटलं, "शाबास पोरगी."

"कसली शाबास? पोटच्या गोळ्याला त्या डुकराचं नाव द्यायचं. रोज हाक मारताना तेच तोंडात. एवढंच उरलं होतं तिच्या हातात." त्यांनी ओठ पुसले, त्यांवर काही लागलं होतं म्हणून नव्हे.

त्या नोंदीचा फोटो त्यांनी डेनिसला पाठवला, एक शब्दही न लिहिता. अर्ध्या तासाने उत्तर आलं. वर केलेला अंगठा, आणि खाली: 'वा, म्हणजे आणखी एक विल्यम! हे लोक कुठे राहतात? पुढच्या वर्षी बोलावू या.'

काकूंनी ते मला वाचायला दिलं. मग फोन परत घेतला, डेनिसचा नंबर पुसून टाकला, आणि बाळ विल्यम मोठा झाला का, हे शोधायला पुढच्या सालाचं पान उघडलं.