मीराची खिडकी

मैत्रिणींनो, आज फोटोऐवजी हे लिहितेय.

तुम्हाला माहीत आहेच, हुबळीत विमान उतरताना मी विमानतळाच्या भिंतीबाहेरच्या शेतातून फोटो काढते. माझी लेक मीरा येणार असली की ती मुद्दाम डाव्या बाजूच्या खिडकीची जागा घेते, कारण उतरताना तीच बाजू माझ्यासमोरून जाते.

आज विमान खाली आलं. चाकं उघडलेली होती. मी कॅमेरा रोखला आणि तेवढ्यात नाक वर करून ते गर्जत ढगात शिरलं.

शेजारी यल्लव्वाअक्का शेळ्या चारत होत्या. त्या ओरडल्या, "अय्यो अक्का, न उतरताच गेलं की!"

"माझी मीरा आहे त्यात," एवढंच मला बोलता आलं. त्यांनी माझे दोन्ही हात घट्ट धरले.

मी रामरक्षा म्हणायला गेले, तर तोंडात कॉन्व्हेंटमधली सकाळची प्रार्थना आली. साठी उलटली, तरी सिस्टरनी घोकून घेतलेलीच आधी आली! आकाशाकडे बघत तीच पुन्हा पुन्हा म्हणत राहिले.

मग विमान उलट्या बाजूने आलं आणि अलगद टेकलं. मीराची खिडकी पलीकडे गेली होती.

थोड्या वेळाने तिचा फोन आला. "आई, वारा फिरला म्हणे, म्हणून दुसरीकडून उतरलो. आज फोटोत मी नसणार ना?"

"फोटोच नाही गं काढला. हात अक्कांच्या हातात होते."

अशा वेळी तुमच्या तोंडी आधी काय येतं हो?