मेजरांचे यंदाचे दहा

"आदी शेवट सांगा, मग बाकीचं."

शिरवळच्या आमच्या कंपनीत सोमवारी सकाळी हे वाक्य ऐकल्याशिवाय कुणाला आत जाता येत नसे. बस गेटशी थांबायची. गेटवरचे मेजर लोखंडी दांडा अर्ध्यावर धरून ठेवायचे आणि खिडकीतून आत बघत विचारायचे, काल कुणी कुठला पिक्चर बघितला. ज्याने हात वर केला तो सापडला. तो गोष्ट पहिल्यापासून सांगायला लागला, की मेजर हाताने त्याला थांबवत. त्यांना फक्त शेवट हवा असायचा. तो कळला की दांडा पूर्ण वर जायचा आणि आम्ही कामाला लागायचो.

तुम्ही-आम्ही याच्या नेमके उलट. कुणी शेवट फोडला, तर आपण आठवडाभर त्याच्याशी धड बोलत नाही. असा उलटा रसिक तुमच्याही ओळखीत असेल तर सांगा, मला तरी दुसरा भेटलेला नाही.

मेजर हे काही हुद्द्याने मेजर नव्हेत. आमच्या सातारा जिल्ह्यात फौजेतून आलेला कुठलाही माणूस मेजरच असतो. हे हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि आमच्या गेटवर सिक्युरिटीला लागले. गाव औंधच्या पलीकडचं. आठवडाभर ते शिरवळला खोली घेऊन राहायचे. रविवारी त्यांची बायको, आमच्या काकू, गावाहून एसटीने साताऱ्याला यायच्या, हे इकडून जायचे, आणि दोघं मिळून पिक्चर बघायची. पिक्चर सुटला की काकू एका गाडीने आणि हे दुसऱ्या गाडीने परत. त्यांचा निम्मा संसार थिएटरात झाला, असं आम्ही त्यांना चिडवायचो. तेही हसून मान डोलवायचे.

डिसेंबर संपताना त्यांची यादी लागायची. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर, निळ्या शाईत, वर ठळक अक्षरात 'यंदाचे दहा'. ती गेटच्या केबिनमध्ये दारामागे चिकटवलेली असे. पिक्चरचं खरं नाव त्यात कधी नसायचं, कारण नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. 'बँकेत झोपलेल्या चोरांचा', 'मुक्या गवंड्याचा', 'दोन सवतींच्या एका म्हशीचा', अशी ती यादी. प्रत्येकासमोर शेरा. 'शेवट गोड.' 'शेवट बरा, पण घाईत.' एकदा 'शेवट कडू, पण आधी कळला होता' असं लिहून त्या पिक्चरला त्यांनी तिसरा नंबर दिला होता.

म्हणजे कडू शेवटाचं त्यांना वावडं नव्हतं. मी एकदा विचारलं तेव्हा ते म्हणाले, "मरत असला तरी चालंल ताई, पण सांगा. म्हंजी त्याच्याकडं मी पहिल्यापास्नं नीट बघतो."

मग म्हणाले, "वीस वरसं फौजेत काढली. सकाळी उठल्यावर दिवसाचा शेवट म्हाईत नसायचा. आता रविवारच्या तीन तासाचा तरी म्हाईत असू दे."

त्यांचा मुलगाही फौजेत. एकुलता एक. तो वर बर्फात कुठेतरी होता. कुठे ते मेजर सांगत नसत आणि आम्ही विचारत नव्हतो. त्याचा फोन आईला यायचा, आठवड्यातून एकदा. त्या दिवशी मेजर दांडा जरा उंच उचलतात, असं आमचा बसचा ड्रायव्हर म्हणायचा.

आता मी माझ्या चुकीकडे येते. चूक एका शब्दाची होती.

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला एका फौजी घरावरचा मराठी पिक्चर आला. साध्या घरातला मुलगा, त्याची रजा, आईबाप, शेत, एवढंच त्यात होतं. पण पिक्चर असा होता, की दिवे लागल्यावरही मी खुर्चीतच बसून होते. सोमवारी मेजरांनी दांडा अर्ध्यावर धरला आणि मी खिडकीतून सांगितलं, "फार चांगलाय. पण शेवटी मुलगा जातो."

'मरतो' म्हणायला जीभ वळली नाही. त्यांचा मुलगा डोळ्यांसमोर होता. माझं माहेर सांगलीचं. आमच्याकडे घरातलं माणूस 'मेलं' म्हणत नाहीत, 'गेलं' म्हणतात. मी आपली जपून बोलले.

मेजर म्हणाले, "जायाचंच की." आणि दांडा वर गेला. मला वाटलं, फौजी माणूस, धीराचा.

पुढच्या रविवारी ते काकूंना घेऊन गेले. सोमवारी बस आली तेव्हा दांडा आधीच पूर्ण वर होता. मेजर आमच्याकडे न बघता उभे होते. दुपारी ते माझ्या डिस्पॅचच्या खोलीत आले आणि खुर्ची पुढे केली तरी उभेच राहिले. आवाज चढवला नाही. म्हणाले, "ताई, आमच्या गावात घरटी एक माणूस फौजेत हाय. रोज कुणाची तरी रजा संपती. गेला म्हंजी ड्युटीवर गेला. मेलेल्या माणसाला आमी वारला म्हणतो. गेला म्हणून कसं चालंल, रोजचा सबूद हाय त्यो."

तो मुलगा शेवटी हसत ड्युटीवर जातो, असंच मेजरांनी काकूंना सांगून ठेवलं होतं. काकू निर्धास्त बसल्या होत्या. पडद्यावर तिरंग्यात गुंडाळलेली पेटी आली तेव्हाही त्यांना कळलं नाही. त्यांनी मेजरांना हळूच विचारलं, "ही पेटी कुणाची?" मेजर पडद्याकडेच बघत राहिले. मग काकूंनी पुन्हा विचारलं नाही.

मी माफी मागितली. ते म्हणाले, तुमी मुद्दाम थोडंच केलंय. पण त्या रविवारनंतर काकू साताऱ्याला यायच्या बंद झाल्या. मेजर शनिवारीच संध्याकाळच्या गाडीने गावी जायला लागले. सोमवारचा प्रश्नही संपला.

त्यानंतर काही आठवड्यांतच सीमेवर गडबड सुरू झाली. टीव्हीवर दिवसभर नकाशे आणि बाण दिसायला लागले. कँटीनमधला टीव्ही आम्ही बंद करायला लावला, कारण मेजर डबा खायला तिथेच यायचे. मुलाचा फोन यायचा थांबला. पहिला आठवडा ते म्हणाले, वर असं हुतंच. दुसऱ्या आठवड्यात गाड्यांचे नंबर ते दोनदा वाचायला लागले, आणि लिहिताना तिसऱ्यांदा विचारायचे. त्या माणसाकडे बघायची मला भीती वाटत होती, हे कबूल करते.

गेटवर ड्युटीच्या वेळी मोबाइल वापरायला बंदी होती. तो केबिनच्या कपाटात बंद ठेवावा लागे. म्हणून घरच्या निकडीसाठी त्यांनी माझ्या टेबलावरच्या फोनचा नंबर काकूंना दिला होता. एका सकाळी साडेदहाच्या सुमारास तो वाजला.

"बाई, त्यास्नी सांगा, पोरगं गेलं."

एवढंच, आणि फोन ठेवला गेला. काकू फोनवर कधीच जास्त बोलत नसत. मी लगेच उलट फोन लावला. तो वाजत राहिला, कुणी उचलला नाही. दुसऱ्यांदाही नाही.

मेजरांनी मला त्या शब्दाचा त्यांच्या गावचा अर्थ सांगितला होता, तो मला पाठ होता. पण ती बाई तो पिक्चर बघून आली होती. पेटी कुणाची हे तिला कळलं होतं. त्यानंतर तिच्या तोंडी तो शब्द कुठल्या अर्थाने राहिला असेल, हे मला कोण सांगणार? आवाजावरूनही काही कळलं नव्हतं. बारीक आवाज, धापा टाकत बोलल्यासारखा. पळत येऊन बोलली की रडून बोलली?

माझ्या खोलीपासून गेटपर्यंत मध्ये वजनकाटा लागतो. नेहमी दोन मिनिटं लागतात. त्या दिवशी किती लागली माहीत नाही. वाटेत मी तीन वाक्यं जुळवली आणि तिन्ही टाकून दिली. एकदा माझ्या मऊ बोलण्याने त्या घराचं नुकसान झालं होतं. आता एक अक्षर इकडचं तिकडे करायचं नाही, एवढं ठरवलं.

मेजर एका ट्रकचे कागद तपासत होते. मी म्हणाले, "काकूंचा फोन होता. म्हणाल्या, त्यांना सांगा, पोरगं गेलं. आणि ठेवला."

त्यांनी कागद ड्रायव्हरला परत दिले. दांडा उचलला. ट्रक बाहेर पडेपर्यंत धरून ठेवला आणि सावकाश खाली आणला. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं,

"ताई, ह्ये गेलं आमचं हाय का तुमचं?"

मी केबिनकडे बोट केलं, म्हणाले, घरी फोन लावा.

कपाटाची किल्ली त्यांना लावता येईना, ती मी लावली. त्यांनी घरी लावलेला फोन वाजला, बंद झाला. पुन्हा वाजला, बंद झाला. तिसऱ्या वेळी पलीकडून आवाज आला. मेजर "व्हय" म्हणाले. मग "कवा?" मग "आन् कोण म्हणलं?" मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते आणि त्यावर काहीच उमटत नव्हतं. मग ते केबिनच्या पायरीवर बसले, जमिनीला हात टेकवून, म्हातारी माणसं बसतात तसे.

"पुढं गेलंय," ते म्हणाले. "आनखी वरच्या ठाण्यावर. दुसऱ्याच्या फोनवरनं दोन मिन्टं बोललं. म्हैनाभर फोन न्हाई म्हणलं."

काकू मला निरोप सांगून लगेच देवीला नारळ द्यायला गेल्या होत्या. घरी फोन नुसता वाजत होता तो त्यामुळे. मी रडले. मेजर रडले नाहीत. पुढचा ट्रक हॉर्न वाजवत होता, त्याचा नंबर लिहायला ते उठले.

तो महिना सरला आणि मुलाचा फोन आला. पुढे नेमाने येत राहिला. डिसेंबरच्या अखेरीला मी मुद्दाम केबिनमध्ये डोकावले. यादी लागली होती. दहाच्या ठिकाणी सहाच नावं. रविवार बंद झाले होते, दहा भरणार कुठून? पण पहिल्या नंबरावर होता तो, 'फौजीच्या रजेचा'. समोर शेऱ्याची जागा कोरी.

मी विचारलं, "हा पहिला? याने तर तुमचा छळ केला."

"पिक्चर चांगला हुता," मेजर म्हणाले. "भ्या वाटलं म्हणून खालचा नंबर दिऊ व्हय? सबूद तेवढा तुमचा वाईट हुता." आणि हसले. बऱ्याच महिन्यांनी हसले.

जानेवारीत औंधच्या यमाईच्या यात्रेला मुलगा रजेवर आला. मेजर त्याला कंपनीत घेऊन आले आणि वजनकाट्यावरच्या माणसापासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांना दाखवून गेले. उंच, रापलेला, लाजरा मुलगा. चहा घेताना त्याने बशी दोन्ही हातांनी धरली होती. त्याला समोर बघून मला इतकं हायसं वाटलं, की मी त्याला बळंच दोन बिस्किटं जास्त खायला लावली.

त्याच महिन्यात मेजरांनी नोकरी सोडली. काकू आता फोनजवळ एकट्या बसू शकत नव्हत्या. फोन वाजला की उचलायला कुणीतरी दुसरं लागायचं. आता गेटवर नवा माणूस आहे. तो पास बघतो, दांडा उचलतो, आणि सोमवारी आम्ही काही न सांगता आत जातो. दारामागची यादी मी काढू दिलेली नाही.

मी राहते साताऱ्यात. मुलाची रजा संपली त्या दिवशी मेजरांचा फोन आला, म्हणाले, दुपारी पुण्याच्या गाडीला सोडायला स्टँडवर येतोय, सवड असंल तर या. मी गेले. काकू आल्या नव्हत्या, त्यांच्याच्यानं बघवणार नव्हतं. मुलगा वडिलांच्या पाया पडला, माझ्याही पडला, पिशवी वर टाकून खिडकीशी बसला. गाडी मागे सरली, वळली आणि स्टँडबाहेर पडली. मेजर ती दिसेनाशी झाली तरी तिकडेच बघत होते.

मग त्यांचा फोन वाजला. त्यांना कमी ऐकू येतं म्हणून आवाज मोठा लावलेला असतो, त्यामुळे पलीकडचं मलाही ऐकू आलं.

"सुटली का गाडी?" काकूंनी विचारलं.

"व्हय. सुटली."

"आन् त्यो?"

मेजरांच्या तोंडून 'गे' एवढंच निघालं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मी मान खाली घातली. फोनवर काकू वाट बघत होत्या, त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"त्यो बसला गाडीत," मेजर म्हणाले. "खिडकीला जागा घावली त्याला."