आईची हाडं आणि माझा खरवस

आमची आई पायपुसण्यावरून पडली.

आता यात हसण्यासारखं काही नाही. पण आई म्हणजे प्रधानबाई! पनवेलच्या मुलींच्या शाळेत निवृत्त होईपर्यंत व्यायाम शिकवलेली बाई. पडावं कसं, हे शिकवण्यात तर तिचा हातखंडा. "मान आत, अंग सैल, गोल व्हा!" ही तिची आरोळी पटांगण ओलांडून रिक्षास्टँडपर्यंत ऐकू जायची. दरवर्षी मुलींची पलटण घेऊन ती कर्नाळ्याचा किल्ला चढायची आणि उतरताना घसरणाऱ्यांना (मुलींना नव्हे, सोबतच्या मास्तरांना!) दंडाला धरून खाली आणायची. अशी बाई साठी उलटल्यावर न्हाणीघराच्या दारात, हातभर पायपुसण्यावरून पडली आणि उजवं मनगट मोडून घेतलं.

"गोल व्हायला जागाच नव्हती," एवढंच ती रिक्षात म्हणाली.

डॉक्टर शेवड्यांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला. "बाई, हाडं विरळ झालीत. ऑस्टिओपोरोसिस म्हणतात याला."

"विरळ व्हायला ती काय केस आहेत?" आई म्हणाली, आणि डॉक्टरांच्या डोक्याकडे लक्ष जाताच घाईघाईने एक्स-रे निरखू लागली.

डॉक्टरांनी प्लॅस्टर घातलं, कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या, सकाळचं ऊन आणि रोजचं चालणं सांगितलं. वाकून ओझं उचलायचं नाही, उड्या मारायच्या नाहीत. आईचा चेहरा उतरला. ते साल शाळेच्या सुवर्णमहोत्सवाचं. जानेवारीतल्या समारंभात माजी विद्यार्थिनींचं लेझीम व्हायचं होतं आणि पुढे उभं राहणार होती आई. शाळेतलं पहिलं लेझीमपथक तिनेच उभं केलं होतं. ते लेझीम दुसऱ्या कुणी चालवायचं, या विचारानेच तिचं जेवण अर्ध्यावर आलं. चांगल्या पापलेटचं कालवण ती ताटात ठेवून उठायला लागली तेव्हा मी खरोखर घाबरलो.

आणि इथे मी पुढे सरसावलो.

मी तळोज्याच्या कारखान्यात केमिस्ट होतो. (कारखाना साड्यांचे रंग बनवायचा. पण केमिस्ट तो केमिस्टच!) त्यातच समोरच्या जुबेदाभाभी एक डबा घेऊन आल्या. त्यांचे मिस्टर कुवेतला.

"शरदभाई, ह्यांनी माझ्या सासूसाठी दोन डबे पाठवलेत, एक तुमच्या अम्मीसाठी घ्या. हड्डीची ताकद आहे म्हणे. माशापासून बनवलेलं, एकदम हलाल. बेफिकीर राहा."

डब्यावर माशाचं चित्र, खाली अरबी, त्याखाली बारीक इंग्रजी. मी चष्मा लावून वाचलं आणि घरादाराला व्याख्यान दिलं, "हे कोलॅजन! आपलं हाड म्हणजे स्लॅब समजा. कॅल्शियम म्हणजे सिमेंट आणि कोलॅजन म्हणजे आतल्या सळया. डॉक्टर नुसतं सिमेंट ओततायत!"

"मग हे डॉक्टरांना विचारून या," माझी बायको सुनंदा म्हणाली.

विचारलं. डॉक्टर म्हणाले, "घेतलं तर बिघडणार नाही. पण त्याने हाडं भरून येतील असं मी सांगणार नाही. गोळ्या आणि चालणं सोडायचं नाही." या सगळ्यातून मी घरी येईपर्यंत शिल्लक राहिलं ते एवढंच, "डॉक्टर म्हणाले, घ्या!"

पावडरीला उन्हात विसरलेल्या जवळ्याचा वास. मी ती दुधात घालायला गेलो तर आई कडाडली, "दूध आणि मासा? अंगावर कोड उठवायचंय का माझ्या? शऱ्या, मासा खायचा तर मासा म्हणून खावा. दुधात बुडवून त्याचा अपमान कशाला?"

शेवटी ती कोकमाच्या सारात घालून, नाक दाबून घेऊ लागली. दसऱ्याला प्लॅस्टर निघालं. आई रोज सकाळी वडाळे तळ्याच्या काठाने फिरू लागली, रबरी चेंडू दाबून मनगट वळवू लागली. हाताला जोर आला. याचं श्रेय मी कुणाला दिलं असेल? ना आईला, ना डॉक्टरांना! कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत मी डबा बाजूला ठेवून सळयांचं व्याख्यान द्यायचो.

आणि डिसेंबरात पावडर संपली. कुवेतहून पुढचा डबा कधी येणार, कुणालाच ठाऊक नव्हतं. दुसरा कुणी थांबला असता. पण मी पडलो केमिस्ट! कोलॅजन माशाच्या खवल्यांत भरपूर असतं, हे मला माहीत होतं. खवले बाजारात फुकट मिळतात, हेही माहीत होतं. सुनंदा माहेरी नेऱ्याला बारशाला गेली होती. आणि आई तिच्या जुन्या विद्यार्थिनींकडे. असा रविवार पुन्हा कुठून येणार?

मासळीबाजारातल्या आमच्या नेहमीच्या मावशी माझ्याकडे बघतच राहिल्या. "मासा नको? निस्ती खवलं पायजेत?"

"हो. पिशवीभर."

"दादा, घरी समदं बरं हाय ना?" त्यांनी शेजारणीला हाक मारली, "अगो, ह्यांना मूठभर बोंबील तरी घाल. मानूस भला हाय, कायतरी झालंय."

बोंबील घेऊन (पैसे घेतले नाहीत!) मी घरी आलो. खवले धुतले, कुकरात घातले. तिसऱ्या शिट्टीला गल्लीतली मांजरं जिन्यात जमली. पाचव्या शिट्टीला वरच्या मजल्यावरचे सोमणकाका कठड्यावरून ओरडले, "प्रधान, आज एकादशी आहे हो!" मी खिडक्या लावून घेतल्या. मग वास आतच राहिला, आणि मीही.

पण यश आलं! गाळलेलं पाणी बोटाला चिकटत होतं. वास मारायला मी त्यात नारळाचं घट्ट दूध घातलं. (गाईचं दूध आणि मासा एकत्र चालत नाहीत. पण नारळाचं दूध आणि मासा म्हणजे कोकणात चक्क कालवण!) साखर घातली, वेलची घातली, जायफळ किसलं, स्टीलच्या थाळीत ओतून फ्रिजमध्ये ठेवलं. संध्याकाळी बघतो तो थाळी हलवली की थरथरणारी, पांढरी, देखणी वडी! मी ती सुरीने चौकोनी कापली आणि दोन पावलं मागे जाऊन बघत राहिलो. मुलगा वर्गात पहिला आल्यावर बापाचं जे होतं, ते माझं झालं.

"घरात कसला वास येतोय?" सुनंदाने आल्या आल्या विचारलं.

"उदबत्तीचा," मी म्हणालो. उदबत्त्या लावल्या होत्याच, अख्खा पुडा.

आईला सरप्राइज द्यायचं, म्हणून मी कुणालाच काही सांगितलं नाही.

सोमवारी संध्याकाळी कारखान्यातून आलो तर दारात चपलाच चपला. शाळेच्या मुख्याध्यापिका लिमयेबाई आणि समितीच्या दोघी जणी आल्या होत्या. लिमयेबाई म्हणजे कांदा-लसूणसुद्धा वर्ज्य! दारात चपला काढताना मला आतलं बोलणं ऐकू आलं.

"प्रधानबाई, तुमचा हात आत्ताच बरा झालाय. तुम्ही व्यासपीठावर बसा. शाल-श्रीफळ देऊन तुमचा सत्कार करू."

"मला शाल नको," आई म्हणाली. "लेझीम द्या."

"पण काही कमीजास्त झालं तर? समितीची जबाबदारी..."

"ते नंतर बोलू, आधी तोंड गोड करा," सुनंदाचा आवाज आला. "नेऱ्याहून भावाने गाईचा चीक देईन म्हटलं होतं, तो काही मिळाला नाही. आणि घरी येऊन बघते तर फ्रिजमध्ये खरवस तयार! आईंनीच केला असणार."

"मी नाही बाई केला," आई म्हणाली.

"अगंबाई, खरवस!" लिमयेबाई म्हणाल्या. "किती दिवसांत खाल्ला नाही!"

मी आत झेपावलो. लिमयेबाईंच्या हातात बशी, बोटांत वडी, वडी ओठांपासून दोन बोटांवर!

"थांबा! तो खरवस नाही!"

"मग काय आहे?"

आता कांदा न खाणाऱ्या बाईंना काय सांगू? "ते... ते माझं आहे!" असं म्हणून मी बशी हिसकावली. समितीतल्या एक बाई किंचाळल्या. वडी लिमयेबाईंच्या बोटांतून उडाली, फरशीवर पडली, थरथरली आणि नेमकी माझ्या पायाखाली आली.

"मान आत! अंग सैल! गोल हो!" आई ओरडली.

मी लाकडाच्या ओंडक्यासारखा सरळ पडलो. हात पुढे टेकला आणि कट्ट असा आवाज झाला.

सुनंदा उचलायला धावली तशी आईची आरोळी आली, "कुणी हात लावू नका त्याला! सुनंदा, भिंतीवरचं कॅलेंडर काढ. लिमयेबाई, तुमच्या पिशवीतला रुमाल. तुम्ही दोघी, पंखा आणि रिक्षा!" मुख्याध्यापिका शाळकरी मुलीसारख्या पिशवी उपसू लागल्या. आईने कॅलेंडरची गुंडाळी माझ्या हाताखाली धरली, रुमालाने बांधली, गाठ मारली. दोन महिन्यांपूर्वी प्लॅस्टरमधून निघालेलं ते मनगट जराही थरथरलं नाही. मी वेदनेने विव्हळत होतो, पण ती गाठ बघून मला वाटलं, अरे, हे माझ्या आईचे हात!

मग आई उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, "बाई, त्या वडीत मासा होता. वास ओळखते मी. कशाला केला होता ते त्यालाच ठाऊक, पण तुमचं व्रत राखायला पोराने स्वतःचा हात मोडून घेतला. हा माझा मुलगा." असं ती माझ्याबद्दल मॅट्रिकच्या निकालालासुद्धा बोलली नव्हती!

लिमयेबाईंनी आधी आपल्या बोटांकडे बघितलं, मग न्हाणीघरात जाऊन साबणाने तीनदा हात धुतले. परत आल्या तेव्हा म्हणाल्या, "प्रधानबाई, सरावाला कधीपासून येता?"

डॉक्टर शेवड्यांनी एका अटीवर परवानगी दिली. वाकायचं नाही, उडी नाही. आईने लेझीमच नवीन बसवलं. सगळी पावलं ताठ उभ्याने, फक्त हात आणि फिरकी. तिच्या पन्नाशीला आलेल्या विद्यार्थिनींनी सुटकेचा निःश्वास सोडला. त्यांच्यातल्या निम्म्यांचे गुडघे आईपेक्षा जुने झाले होते!

समारंभाच्या दिवशी मी पहिल्या रांगेत बसलो, हात गळ्यात. हलगी कडाडली आणि नऊवारीतली आई ताठ मानेने पटांगणात आली. मागे चाळीस बायका. तिच्या उजव्या मनगटाने पहिला झंकार काढला तसं सगळं पटांगण उभं राहिलं. शेजारी जुबेदाभाभी "माशाल्ला, माशाल्ला" म्हणत डोळे पुसत होत्या. माझी छाती इतकी फुगली की प्लॅस्टर तडकायची भीती वाटली. लोक टाळ्या वाजवत होते आणि मी एका हाताने नुसता हवेत वारा घालत होतो.

सुनंदाने आपला तळवा माझ्यापुढे धरला. "घ्या, माझ्या हातावर वाजवा. आई तुमचीच आहे."

मी जीव खाऊन वाजवायला लागलो. पाच-सहा टाळ्या झाल्यावर तिने हळूच हात मागे घेतला आणि चोळत म्हणाली, "जरा बेताने! आणि माझं मनगट दुखलं, तर मी सरळ डॉक्टरांकडे जाईन. तुम्ही गॅसजवळसुद्धा फिरकायचं नाही!"