सुमित्राबाईची परात आणि भोजराजचा काळा धान

सुमित्राबाईच्या मते सरकारी खेळण्यांची पेटी म्हणजे लग्नातलं रुखवत. बघायचं, वाखाणायचं, हात लावायचा नाही. गावच्या अंगणवाडीत ती बावीस वर्षं मदतनीस. सेविका राखी मॅडम, वयानं तिच्या मुलीएवढ्या. मॅडमनी पेटीला कुलूप घातलं होतं, कारण साहेब तपासणीला आले आणि एखाद्या ठोकळ्याचा कोपरा चावलेला दिसला, तर उत्तर कोण देणार? शिवाय वजन, उंची, आहार, हजेरी हे सगळं मोबाइलमध्ये भरता भरता मॅडमची मान कायमची खाली गेली होती. पोरं त्यांना फोटोपुरती दिसत.

"मॅडम, पोट्टे तुमच्याकडं पाहून राहिले."

"थांबा वो बाई, नेटवर्क आलं!"

नेटवर्क असेतोवर पोरं सुमित्राबाईची, आणि नेटवर्क गेल्यावरही तिचीच. तिची स्वतःची पेटी म्हणजे घरून डोक्यावर आणलेली एक परात. परातीत गाळणी, चिमटा, फुटक्या बांगड्या नव्हेत हं, साबुत बांगड्या, बाटल्यांची झाकणं, जुना चमचा, एक सूप. दोन-तीन वर्षांची पोरं गाळणीनं पाणी भरायला बसत. पाणी भरत नसे, पण पोरं अर्धा तास गप्प बसत. कांद्याची चकती हळदीत बुडवून ती कागदावर ठसे मारायला लावी. त्यावर चुन्याचं पाणी शिंपडलं की पिवळं फूल लालभडक होई, आणि अडीच वर्षांचा मोनू दर वेळी घाबरून स्वतःच्या हाताकडे बघे.

"पोट्ट्याले खेळनं लागत नाही," ती म्हणायची. "त्याले आपल्या मायच्या हातातली वस्तू लागते. तुमी त्याले हजाराची मोटार द्या, तो तुमचा लाटनाच घेऊन पळन."

सातवी पास बाईनं शिक्षणशास्त्र एवढ्यावरच आटोपलं होतं. त्यातून अपघात व्हायचे. ग्रामसभेच्या दिवशी बाहेर चपलांचा ढीग बघून तिनं पोरांना 'जोड्या लावा' शिकवलं. पोरांनी लावल्या. सभा संपली तेव्हा सरपंच एका पायात स्वतःची आणि दुसऱ्या पायात कोणाच्या तरी नातीची गुलाबी चप्पल अडकवून उभे.

"बाई, हे का शिकवलं?"

"जोड्या बरोबर हायेत. पोट्ट्यायनं माय आन लेकरू लावलं. तुमाले समजलं नाही, त पोट्ट्यायचा का दोष?"

तर अशी ही अंगणवाडी भरत होती भोजराजच्या घरापुढच्या छपरीत. कारण मागच्या पावसाळ्यात अंगणवाडीच्या स्लॅबचा पोपडा थेट खिचडीत पडला होता. वाढायच्या आधी पडला म्हणून सगळे वाचले, खिचडी सोडून. नवी खोली मंजूर व्हायची होती. तोवर पोरं शेजारच्या गावच्या अंगणवाडीत पाठवा, असं वरून सांगणं आलं. शेजारचं गाव जवळच, पण मधून नागपूर-रायपूरचा रस्ता. रात्रंदिवस ट्रक. जिथं मोठा माणूस देवाचं नाव घेऊन पाय टाकतो, तिथं तीन वर्षांच्या टीनानं बोट धरून रोज जायचं? एकही आई पाठवणार नव्हती. पोरं घरीच बसली असती, किंवा आईमागे शेतात, बांधीच्या धुऱ्यावर उन्हात लोळली असती. तेव्हा भोजराजनं छपरी दिली. फुकट दिली आणि दिवसातून चारदा ऐकवली.

भोजराज मोठा शेतकरी, मोनूचा आजोबा. नीट चुना लावलेल्या त्याच्या भिंतीवर एव्हाना गुडघ्याएवढ्या उंचीवर कांद्याची फुलं उमटली होती. तो रोज ती बघे आणि म्हणे, "एक दिवस सगळ्यायले बाहेर काढतो."

तो दिवस मे महिन्यातल्या एका मंगळवारी आला.

सुमित्राबाईला त्या दिवशी निवडण्याचा खेळ घ्यायचा होता. दोन रंगाचे दाणे परातीत कालवायचे आणि पोरांनी वेगळे करायचे. बोटांना वळण लागतं, डोळ्याला काम, आणि पोरं रडत नाहीत. पिवळा धान तिनं घरून आणला होता. काळं काही मिळेना. छपरीच्या कोपऱ्यात कोंबड्यांच्या खुराड्यामागे डालड्याचा जुना डबा दिसला. उघडून बघते, तर आत काळ्या तुसाचा धान.

दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यातली बाई असती, तर थांबली असती. वेगळंच काही दिसतंय, विचारून घ्यावं, असं तिला वाटलं असतं. पण सुमित्राबाईनं उभा जन्म धानाच्या बांधीत काढलेला. काळपट धान म्हणजे करगा, हे तिला डोळे मिटूनही कळायचं. करगा म्हणजे पिकात आपोआप उगवणारं तण, दिसायला धानासारखं, वागायला पाहुण्यासारखं. खतपाणी आपलं खातं आणि कापणीआधीच गळून जातं. निंदताना बाया त्याला शिव्या देतात. असला करगा खुराड्यामागे ठेवलाय म्हणजे कोंबड्यांसाठीच, दुसरं काय?

तिनं डबा परातीत ओतला. पोरांनी कोपरापर्यंत हात घालून कालवलं.

भोजराज तालुक्याच्या गोरेगावच्या बाजारातून आला, तो थेट परातीसमोर. पिशवी हातातच राहिली.

"हे का होय?"

"करगा," सुमित्राबाई म्हणाली. "कोंबड्यायसाठी ठेवला होता ना तुमी? अर्धा ठेवतो, चिंता नोको."

"करगा?" भोजराजचा आवाज चिरकला. "तो माझा काळा धान होय! बालाघाटच्या मेव्हणीकडून आनला! बियाणं होय ते! या साली बांधीत लावून साऱ्या गावाले दाखवनार होतो!"

"मंग खुराड्यामागं कायले ठेवला?"

"चोराच्या नजरेत येऊ नये म्हनून!"

"चोराच्या नाही आला, भाऊ. माझ्या आला."

त्याच वेळी मोनूनं एक काळा दाणा नाकात घातला. सून पुष्पांजली आतून धावत आली. सुमित्राबाईनं मोनूची मोकळी नाकपुडी दाबली, तोंडात एक जोरदार फुंकर मारली, आणि दाणा शेंबडासकट भोजराजच्या सदऱ्यावर येऊन चिकटला.

"घ्या," ती म्हणाली. "हेबी बियाणंच."

भोजराज शांतपणे बोलला, म्हणून सगळ्यांना भीती वाटली. "बाई, उद्यापासून पोट्टे इथं नाही पायजेत. जा रस्त्यापलीकडं, नाहीतर कोठंबी जा. माझी छपरी बंद."

राखी मॅडमनी पहिल्यांदा मोबाइलमधून मान वर केली. "काका, असं नका करू. मुलांना ट्रकच्या रस्त्यानं..."

"ट्रकवाले मी बोलावले का?"

तेवढ्यात दुपारच्या चहाला त्याचा दोस्त हिरालाल आला. परिस्थिती समजून घेतली, परात पाहिली आणि पोट धरून हसला. "भोज्या, तू बियाणं लपवलं कोंबडीपासी, आन दोष देतेस बाईले?"

"तू बस चुप!"

"मी बसतोच," असं म्हणून तो खरंच बसला, परातीजवळ. काळा दाणा उचलून बाजूला ठेवला. "निवडून टाकू ना. जेवढा निघन तेवढा."

सुमित्राबाईनं परात सुपांवर, ताटांवर वाटून दिली. ती चुकली होती आणि ते तिला ठाऊक होतं, पण माफी मागायची पद्धत तिच्या घरात फक्त देवापुढे होती. पोरांना न्यायला आया आल्या, त्या पदर खोचून बसल्या. पुष्पांजली बसली. मग उभं राहून कंटाळलेला भोजराजही बसला, दोन हात लांब, पाठ करून, एक ताट मांडीवर घेऊन.

गावातला सगळ्यात जाणता धानवाला. चष्मा बाजाराच्या पिशवीत. चार दाणे टाकले नाहीत, तोच टीना त्याच्या गुडघ्यावर टेकून उभी.

"आबाजी, चुकलं."

"का चुकलं?"

"हा पिवळा हाये. पिवळा इकडं." तिनं दाणा उचलून जागच्या जागी ठेवला. "पुन्हा करा."

हिरालालचा चहा नाकातून आला. पुष्पांजलीनं पदर तोंडात धरला.

"मामाजी, चष्मा देऊ का?"

"काई नाही पायजे!" पाच मिनिटांनी, हळू आवाजात, "आन गा मोन्या, पिशवीतला चष्मा."

मोनूनं पिशवीतला टमाटा आणला. टीनानं चष्मा आणला.

पाच वाजता सुमित्राबाईनं हात झटकले. निम्मं काम झालं होतं.

"उठा रे पोट्टेहो. चला घरी."

"आन हे?" भोजराजनं परातीकडे बोट दाखवलं.

"ते तुमचं तुमी पाहा. उद्या आमी रस्त्यापलीकडं."

भोजराजनं परातीकडे पाहिलं, हिरालालकडे पाहिलं. हिरालालनं छताकडे पाहिलं.

"निवडून होयेस्तोवर या," भोजराज म्हणाला. "झालं का मंग बंद. माझा शब्द."

झालं. बुधवारी पोरं आली, गुरुवारी आली. सुमित्राबाई घाई करत नव्हती आणि ढिलाईही करत नव्हती. मॅडमनी तिला भिंतीआड बोलावून हळूच सुचवलं, "बाई, थोडं हळू निवडा ना. तेवढेच दिवस वाढतील."

"मॅडम, माझ्या चुकीचा माल होय. तो मी हळू नाही निवडनार." मग जरा थांबून म्हणाली, "पोट्टे हळू करून राहिले, त ते पोट्टे होत."

आणि पोट्टे हळूच करत होते. वाटी भरली की उलटी करायची, हा त्यांचा कायदा. भोजराज ओरडायचा, पोरं खुदखुदायची आणि पुन्हा भरायला बसायची. शुक्रवारपर्यंत भोजराजच्या पाठीची दिशा बदलली होती. तो आता पोरांकडे तोंड करून बसत होता, आणि दाणा टाकण्याआधी टीनाला विचारत होता, "हा कोनता वो, मॅडम?" खऱ्या मॅडमनी ते ऐकून घेतलं.

शनिवारी सकाळी एक वाटी उरली. अकरा वाजता तीही संपली. काळा धान डब्यात गेला, नाकातला दाणा धुऊन त्यात गेला, कोंबडीनं खाल्लेला तेवढा गेला तो गेला. परात रिकामी झाली. सुमित्राबाईनं ती पदरानं पुसली, बांगड्या, चिमटा, गाळणी एकेक करून आत ठेवली. टीनाच्या आईनं तिचं बोट धरलं आणि रस्त्याच्या बाजूला बघितलं. तिकडून ट्रकचा हॉर्न आला.

सुमित्राबाई परात डोक्यावर घ्यायला वाकली. "येतो, भाऊ. छपरी झाडून ठेवली हाये. भिंतीवरचे फुलं चुन्याखाली जातील."

भोजराज आत गेला. कोठीचं झाकण वाजलं. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात मोठी वाटी भरून पिवळा धान होता. तिच्यासमोर त्यानं डालड्याचा डबा उघडला, वाटी आत रिकामी केली आणि मनगटापर्यंत हात घालून सगळं नीट कालवलं.

हिरालालचं तोंड उघडंच राहिलं. "भोज्या, अक्कल गेली का?"

"काम कोठं झालं?" भोजराज सगळ्यांवर खेकसला. "अर्धं त बाकीच हाये! सोमवारी दहाले आना पोट्ट्यायले. आन बाई, ते परात कायले नेऊन राहिल्या? ठेवा इथंच."