भाऊजींची ताणाताणी

माणसाची पारख चेहऱ्यावरून करणारे लोक आहेत, बोलण्यावरून करणारे आहेत, आणि आडनावावरून करणारे तर आमच्याकडे ढिगाने आहेत. पण पोटरीवरून माणूस ओळखणारा मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीच्या वाट्याला आला. समोरून कोणी येत असलं की आपण तोंडाकडे पाहतो, भाऊजी घोट्याकडे पाहतात. तिथून त्यांची नजर पोटरी, गुडघा, मांडी असे मुक्काम करत वर येते, आणि चेहऱ्यापर्यंत पोचते तेव्हा तो माणूस बहुधा पुढे निघून गेलेला असतो. मग हे मला विचारतात, "कोण होता रे तो? डावी मांडी आखडेल हाय त्याची."

राजूरला त्यांचं मोटारसायकलच्या सुट्या भागांचं दुकान आहे. दुकान सांभाळून उरलेल्या वेळात ते गावच्या फुटबॉल टीमला व्यायाम करवतात, असं ताई पाहुण्यांना सांगते. खरं तर टीमला व्यायाम करवून काही वेळ उरलाच, तर भाऊजी दुकान उघडतात. क्लच प्लेट मागायला आलेल्या गिऱ्हाइकाला आधी एका पायावर उभं राहून दाखवावं लागतं. "गाडीचं मंग पाहू बावा, पयले तुह्या कमरेचं पाह्यतो," म्हणत ते काउंटरबाहेर येतात. बरीच गिऱ्हाइकं आता वणीला जातात. जी टिकली आहेत, त्यांच्या कमरा मात्र खरोखरच चांगल्या आहेत.

विहारात वंदना आटोपली की सगळे क्षणभर शांत बसलेले असतात. त्या शांततेत हे मागून हळूच फिरतात आणि म्हाताऱ्यांच्या कानाशी लागून सांगतात, "एकदम उठू नका, पयले पाय सरळ करा." माझ्या मुलीला पाहायला मंडळी आली होती, तेव्हा आम्ही मुलाची नोकरी, पगार, पुण्यातलं घर असं रीतीप्रमाणे विचारत होतो. भाऊजी मुलाच्या पायांकडे पाहत होते, ते एकदम म्हणाले, "जरा खाली वाकून पायाचे अंगठे धरून दाखवता काय?" मुलाचे हात गुडघ्याखाली जाईनात. माझा जीव टांगणीला. भाऊजींनी निकाल दिला, "पोरगा सोन्यासारखा हाय. फक्त रोज सकाळी हलाले पाह्यजे." लग्न झालं. जावई पुण्यात आजही सकाळी वाकतो आणि वाकता वाकता भाऊजींचं नाव घेतो, असं मुलगी सांगते. कोणत्या भावनेने घेतो हे मी विचारलेलं नाही.

त्यांचं शास्त्र साधं आहे. खेळाआधी पाय झुलवायचे, खेळ संपल्यावर सावकाश ताणायचे. उलटं केलं की घात. "थंडीत चोक देल्ल्याबिगर गाडी चालू होत नाही, अन् मांडी काहून व्हावी?" हा त्यांचा बिनतोड सवाल. व्यायामांना नावंही त्यांनीच ठेवलेली. पाय मागेपुढे झुलवणं म्हणजे 'घंटी', लांब पाऊल टाकून खाली बसणं म्हणजे 'वखर', चवड्यांवर उंच होणं म्हणजे 'आंबा तोडणं'. बाहेरगावच्या माणसाने संध्याकाळी मैदानाजवळून जावं, तर शिटी वाजते, "चला, वखर धरा!" असा पुकारा होतो आणि बैल नसलेली अठरावीस पोरं जमीन वखरत निघतात.

एवढं सगळं करून आमची टीम फायनलला हरायचीच. लीगच्या मॅचेस झकास जायच्या, आणि फायनलला पहिल्या पळापळीतच कोणाची तरी मांडी धरायची. मागच्या वर्षी पाळी विशालची आली. विशाल म्हणजे आमचा उजव्या बाजूने पळणारा खेळाडू. तो सुटला की मागचा माणूस फक्त धूळ पाहतो. पाचव्या मिनिटाला तो मांडी धरून बसला आणि कप उमरखेडला गेला. गावात बोलणं सुरू झालं की भाऊजींच्या ताणाताणीनेच पोरांच्या शिरा सैल झाल्या. यंदा क्लबच्या अध्यक्षांनी स्पष्ट सांगितलं, "जवाईबापू, या फायनलले एकाची बी शीर तुटली, तं शिटी ठेवून द्या अन् दुकान पाहा."

भाऊजी चार दिवस जेवले नाहीत नीट. ते स्वतः तरुणपणी याच मैदानावर उजव्या बाजूने पळायचे. अशाच एका फायनलला मांडी फाटली आणि खेळ कायमचा सुटला. दुसऱ्या कोणाचा तसा सुटू नये, एवढ्यासाठी तर हा सगळा खटाटोप. आता शिटीच गेली तर त्यांच्या हातात राहणार काय? मला तर झोप लागेना.

एका सकाळी ते माझ्याकडे आले ते ओरडतच. "सापडलं! अरे, भाषण!" मी समजलो, डोक्यावर परिणाम झाला. पण त्यांचं म्हणणं अगदी सरळ होतं. लीगच्या मॅचला पोरं गरम होऊन थेट खेळायला लागतात. फायनलला मात्र पाहुणे येतात. दोन्ही टीम स्टेजसमोर रांगेत उभ्या राहतात, हस्तांदोलन, शाल, श्रीफळ, आणि मग प्रमुख पाहुणे म्हणून आलेल्या पुढाऱ्यांचं भाषण. डिसेंबरच्या थंडीत पोरं हाफ पँटीवर तासभर सावधान उभी. गरम केलेलं अंग पुन्हा बर्फ, आणि शिटी वाजली की एकदम धाव! इतकी वर्षं आम्ही सगळे टाळ्या वाजवत पोरांच्या मांड्या थंड करत होतो.

भाषण कमी करा म्हणायला ते अध्यक्षांकडे गेले. अध्यक्ष हादरले. "भाषण कापू? कप त्याइनंच देल्ला ना!"

फायनलच्या दिवशी पुढाऱ्यांनी माईक हातात घेतला, आणि भाऊजींनी शिटी वाजवली. रांगेतल्या आमच्या पोरांनी जागच्या जागी घंटी सुरू केली. मग वखर. अध्यक्षांचा चेहरा मिरचीसारखा लाल झाला. मग गुडघा छातीपर्यंत उचलून मांडीखालून टाळी वाजवण्याचा व्यायाम आला. खाड खाड टाळ्या वाजू लागल्या. पुढाऱ्यांना वाटलं, भाषण रंगलं. त्यांच्या अंगात जोर चढला, नवे मुद्दे सुचले, टाळ्या वाढल्या, भाषण वाढलं, आणि शेजारी उमरखेडची टीम हात काखेत घालून कुडकुडत राहिली.

मॅच सुरू झाली आणि थोड्याच वेळात उमरखेडचाच एक गडी मांडी धरून खाली बसला. सगळ्यांच्या आधी त्याच्याजवळ धावत कोण गेलं असेल? भाऊजींनी रसवंतीवाल्याचा बर्फ गमछ्यात बांधून नेला, त्याच्या मांडीला लावला आणि परत येऊन मला म्हणाले, "त्याइलेबी सांगाले पाह्यजे होतं रे मी." त्यांचा चेहरा उतरला होता.

मॅच बरोबरीत चालली होती. शेवटची काही मिनिटं उरली असताना बॉल विशालकडे आला, आणि तो सुटला. अख्खं मैदान उभं राहिलं. उमरखेडचे दोघे मागे पडले, विशालने टोकापर्यंत जाऊन बॉल मध्ये मारला, तिथे आमच्याच एका पोराने पाय लावला, आणि जाळं हललं! मी ओरडलो, नाचलो, अनोळखी माणसाला मिठी मारली. भाऊजी मात्र माझी बाही ओढत विचारत होते, "काय झालं? कोणं मारला?"

"तुम्ही इथंच तर उभे होते, भाऊजी!"

"मी त्याची मांडी पाहून राह्यलो होतो ना!"

आम्ही जिंकलो. एकाचीही शीर तुटली नाही. अध्यक्षांनी भाऊजींना सगळ्यांसमोर मिठी मारली. कप देण्यासाठी पुढारी स्टेजवर उभे राहिले, पण आमची पोरं मैदानात पाठीवर पडून एकेक पाय वर धरून सावकाश ताणत होती, कारण भाऊजींनी थांबायची शिटी वाजवली नव्हती. पुढारी कप घेऊन थांबले. इतके दिवस पोरं त्यांच्यासाठी थांबायची.

मग विशाल कप घ्यायला निघाला. भाऊजी माझ्या शेजारी येऊन बसले.

"पाह्य," ते म्हणाले, "आपल्या पायानं चालून राह्यला." मग म्हणाले, "मले चौघाइनं उचलून नेलतं. तवा अंग गरम कर म्हणून कोणी सांगणाराच नोता. त्या दिवशी मॅच कोण जिंकलं, मले आजबी मालूम नाही."

इतक्या वर्षांत त्यांनी हे कोणालाच विचारलं नव्हतं. मी त्यांचा हात धरला, आणि विशाल स्टेजच्या पायऱ्या चढून वर जाईपर्यंत आम्ही दोघं त्याच्याकडे पाहत बसलो.